चार किलो निळा

"चार किलो म्हणालात तुम्ही."

"मी तीन किलो दोनशे म्हणालो असणार."

"असणार? असणार म्हणजे काय, मास्तर? एकोणीस वर्षं या खिडकीतून तुमचा आवाज ऐकतेय मी. नाक चोंदलेलं असलं तरी तुमचा चार मला चारच ऐकू येतो. तुम्ही चार म्हणालात, मी चार म्हणाले, पाटीवर चार लिहिलं, चार तोललं."

"मग पाटी दाखवा."

"पाटी पुसली. पुढचा लॉट लावायचा नव्हता का? का पाटी काच लावून भिंतीवर टांगू?"

"दिवसाला चाळीस आकडे पुकारतो मी, बाई. एकेक लक्षात ठेवत नाही. म्हणून तर फाईल आहे."

"आणि मी विचारलं सुद्धा. नवा ड्रम फोडलाय, रंग जास्त कडक आहे म्हणता, मग माप तेवढंच कसं? काय म्हणालात त्यावर?"

"म्हणालो, फाईलीत घातलंय."

"हां. एवढं बरं आठवतं."

"कारण घातलंच होतं. या, आत या. साहेब, तुम्हीही बघा."

साहेब दारातच उभे होते. त्यांच्या मागे आदल्या दिवशी रंगवलेल्या ओल्या कापडाची गाडी होती, दोनशे किलो, आणि ते कापड जितकं निळं हवं होतं त्याहून कितीतरी निळं झालं होतं. गणवेशाचं कापड होतं ते. गिऱ्हाइकाच्या माणसाने नमुन्याची पट्टी त्यावर ठेवली, मान हलवली आणि चहाही न घेता गेला.

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर फाईलीचं नाव टाकलं, दोनशे किलो कापड म्हणून विचारलं आणि एंटर दाबला. तीन हजार दोनशे ग्रॅम. आकडा तिथे लख्ख उभा राहिला.

"बघा," मास्तर म्हणाले. "फाईल खोटं बोलत नाही."

बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, चष्मा कधी बदललात शेवटचा?"

तिथे भांडण संपलं. पुढचे सात महिने मास्तरांना वाटत राहिलं, की आपण ते जिंकलो.

ती खिडकी म्हणजे गिरणीतल्या रंगखात्याच्या भिंतीतलं हातभर चौकोनी भोक. अलीकडे प्रयोगशाळा. नाव मोठं, पण आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, कापडी पट्ट्यांनी भरलेले खण, आणि उत्तरेकडे एक मोठी काच, कारण रंग पारखायचा तर उत्तरेच्याच उजेडात. पलीकडे रंगाची कोठी आणि तिथे काटा. कोठीत कागद टिकत नसे. ओले हात आणि उडणारी पूड यांत कुठल्याही चिठ्ठीचा तासाभरात लगदा होई. म्हणून रीत अशी पडली होती: मास्तरांनी इकडून आकडा पुकारायचा, बाईंनी तोच तिकडून परत म्हणायचा, खडूने पाटीवर लिहायचा, तोलायचं, आणि रंग मशिनीत गेला की पाटी पुसायची. बाईंना अख्खं खातं 'ग्रॅमबाई' म्हणायचं. चिमूटभर पूड जास्त पडली तर त्या चिमूटभर काढायच्या, आणि काढलेली ड्रममध्ये परत टाकून झाकण लावेपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत.

मास्तर या खात्यात आले ते एकोणिसाव्या वर्षी, ओलं कापड वाहायला. दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांची ख्याती झाली. दोन निळे शेजारी ठेवले तर कुठल्यात लालसर झाक आहे ते हा पोरगा सांगतो म्हणून जुन्या मास्तरांनी त्याला आत घेतलं, आणि ते गेल्यावर हाच मास्तर झाला. शिक्षण बेताचं, पण तोंडी हिशोब असा, की टक्के, पट, आठ दशांश सगळं चालता चालता. नखांच्या कडा कायम निळ्या. बायको म्हणायची, "हे लग्नाच्या फोटोतसुद्धा निळे आलेत."

शेचाळिसाव्या वर्षी खात्यात कॉम्प्युटर आला. मुलगी तेव्हा शिकायला बाहेरगावी गेली होती आणि तिचं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक घरीच राहिलं होतं. मास्तरांनी ते वर्तमानपत्र वाचावं तसं वाचून काढलं. त्यांना सगळ्यात आवडला तो काळा पडदा. मुलगी त्याला इंटरप्रिटर म्हणायची. एक ओळ लिहा, एंटर दाबा, तिथल्या तिथे उत्तर.

"बोलतो तरी," ते बायकोला म्हणाले. "विचारलं की लगेच सांगतो. तुझ्यासारखाच."

"मी विचारायच्या आधी सांगते," बायको म्हणाली.

पण रोज सकाळी तीच सूत्रं नव्याने लिहायची म्हणजे कंटाळा. म्हणून मास्तरांनी ती एका फाईलीत लिहून ठेवली. अकरा ओळी. फाईलीचं नाव निळा. पुस्तकात लिहिलं होतं, की अशा फाईलीला मोड्यूल म्हणतात, आणि काळ्या पडद्यावर इम्पोर्ट असं लिहून तिचं नाव घेतलं की ती हजर होते. मास्तरांनी नाव घेतलं. पडदा म्हणाला, असं कुठलंही मोड्यूल नाही.

मास्तरांना राग आला. मुलीला फोन लावला. "मी काल लिहिलंय, माझ्या हातांनी, आणि हा म्हणतो नाहीच."

"बाबा, फाईल ठेवलीत कुठे?"

"डेस्कटॉपवर. समोरच."

"समोर तुमच्या. तो घरभर शोधत नाही हो फिरत. जिथून त्याला सुरू कराल तिथे बघतो, आणि आणखी दोन-चार ठरलेल्या जागी. त्याच्या फोल्डरमध्ये ठेवा."

ठेवली. नाव घेतलं. पडदा या खेपेला काहीच बोलला नाही, नुसती पुढची ओळ मागत लुकलुकत राहिला, आणि मास्तरांना कळलं की न बोलणं म्हणजे हो. आपण स्वतः केलेली वस्तू नावाने हाक मारली की येते, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की त्या दिवशी त्यांनी खिडकीतून बाईंना आत बोलावून दाखवलं. बाई म्हणाल्या, "आता तुमची नोकरी हा करणार, आणि तुम्ही माझी पाटी पुसणार." पुढे लाल झाला, पिवळा झाला, करडा झाला. नऊ फाईली झाल्या. मास्तर तोंडी हिशोब करायचे थांबले. गरजच उरली नाही.

आणि मग तो गणवेशाचा लॉट.

साहेबांनी बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांना उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात दिसली. अगदी सुरुवात, पण साहेबांना तेवढं पुरे होतं. बिघडलेला लॉट काळा करून टाकला, कारण काळ्याखाली सगळं लपतं. बाईंना काट्यावरून उठवून गठ्ठे बांधायला बसवलं. पहिले दोन दिवस त्या तणतणत होत्या. "चार म्हणालात," असं जाता-येता मास्तरांना ऐकवत होत्या. तिसऱ्या दिवशी ते थांबलं. चौथ्या दिवशी त्या खिडकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, माझंच चुकलं असेल. कापडाचं नुकसान झालं."

मास्तर मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ द्या हो बाई. वय होतं माणसाचं."

हे वाक्य त्यांना नंतर फार छळणार होतं.

महिनाभराने बाईंनी नोकरी सोडली. काट्यावर कॉम्प्युटरचा आकडा थेट दाखवणारी नवी मशीन आली, खिडकी तशीच राहिली, तिच्यातून कुणी काही पुकारेना.

मास्तरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा त्यांच्या जागी नवी मॅडम आली. वय सव्वीस, रसायनशास्त्र शिकलेली, मास्तरांना खुर्ची दिल्याशिवाय स्वतः बसत नसे. मास्तर तिला एकेक फाईल समजावून देत होते. त्या दिवशी करड्याची पाळी होती.

"समजा मधेच रंग बदलला," मास्तर म्हणाले. "नवा ड्रम आला, कडक निघाला. तर काय करायचं? फाईल उघडायची. हा एक आकडा बदलायचा. एकाच्या जागी शून्य पूर्णांक आठ. जतन करायचं. परत काळ्या पडद्यावर यायचं आणि पुन्हा इम्पोर्ट. झालं. कुरकुर नाही, काही नाही. आता विचारू. शंभर किलोला, आधी हजार ग्रॅम होते, आता..."

पडद्यावर हजार ग्रॅम आले.

"थांबा. जतन नसेल केलं."

जतन केलं होतं. त्यांनी पुन्हा इम्पोर्ट लिहिलं, पुन्हा विचारलं. हजार.

"मास्तर, ते तसं नाही होत," मॅडम हळूच म्हणाली. "एकदा आणलेलं मोड्यूल तो परत वाचत नाही. सकाळी पहिल्यांदा वाचलेलं त्याच्या लक्षात असतं. दुसऱ्यांदा नाव घेतलं की तो म्हणतो, हे आहे माझ्याकडे. फाईलीकडे ढुंकून बघत नाही."

"कधीच नाही?"

"बंद करून उघडला की बघतो. नाहीतर परत वाच म्हणून मुद्दाम सांगावं लागतं. त्याची वेगळी आज्ञा आहे, दाखवते."

"आणि तो सांगत नाही? की बाबा रे, मी जुनंच देतोय?"

"त्याच्या दृष्टीने काही चुकलंच नाही ना." मॅडम हसली. "सगळेच पहिल्यांदा फसतात यात. मी परीक्षेत फसले होते."

मास्तर हसले नाहीत. ते उठले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत राहिले. इतकी वर्षं ते फाईली संध्याकाळी बदलायचे, कामं आटोपल्यावर. मग कॉम्प्युटर बंद करायचे. सकाळी पडदा नव्याने उघडायचा, नव्याने वाचायचा. कधी चुकलं नाही. फक्त त्या एका दिवशी नवा ड्रम भर दिवसा, मधेच फोडावा लागला होता. सकाळी आठला त्यांनी निळा आणला होता, एक आकाशी लॉट काढायला. अकराला फाईल बदलली होती. पुन्हा नाव घेतलं होतं. पडदा गप्प राहिला, आणि गप्प म्हणजे हो. दोनशे किलोला जुन्या हिशोबाने चार किलो. नव्याने तीन किलो दोनशे. चाराचे आठ दशांश, हे तर त्यांनी विसाव्या वर्षी झोपेतही सांगितलं असतं. आणि बाईंनी खिडकीतून विचारलं होतं, माप तेवढंच कसं.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"मग आता काय करणार?"

"साहेबांना सांगणार. मग बाईंना."

"दोन महिने राहिलेत. एवढी वर्षं मान खाली घालावी लागली नाही, ती आता शेवटी घालणार?"

"तिने घातली ना. माझ्या चुकीपायी."

"तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. मग निदान मला माहीत असतं."

बायकोने भाजी पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "साहेबांना सांगा. पण तिच्याकडे जाऊ नका. तिची जखम आता कुठे भरली असेल, आणि तुम्ही जाणार मन हलकं करायला. स्वतःचं."

हे मास्तरांना लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लेखी द्यायची काही गरज नाही, मास्तर," ते म्हणाले. मास्तरांनी लेखीच दिलं. साहेबांनी कागद वाचला, घडी घालून खणात टाकला. "तो लॉट काळा झाला, विकला गेला, ते कपडे एव्हाना विटलेही असतील. आणि बाईंना मोतीबिंदू तर होताच ना."

"होता. पण त्यांनी वजन बरोबर केलं होतं."

"हो, हो. बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

रविवारी दुपारी मास्तर बाईंच्या घरी गेले. बायकोचं बोलणं मनात घेऊनच जिना चढले, दोनदा थांबले. दार बाईंच्या मुलीने उघडलं. ती बाळंतपणाला आली होती, खांद्यावर तान्हं मूल होतं. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर एकावर एक. वाळल्या होत्या.

"या मास्तर. आज वाट चुकलात?"

"कसं काय, बाई? डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे."

"झालं. डॉक्टर म्हणतात, आता छान दिसतं." बाई हसल्या. "त्यांना दिसत असेल."

मुलीने पाणी आणलं आणि औषधाची छोटी बाटली आईपुढे धरली. "आई, याला दोन थेंब दे ना, मी दूध बघते."

"तूच घाल बाई."

"बघा मास्तर, दोन थेंब आहेत. दोन. बाटलीला हात लावत नाही. सुईत दोरा ओवत नाही. आमटीचं मीठसुद्धा मला चाखायला लावते. तुम्ही तरी सांगा तिला."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. "तेच सांगायला आलोय," ते म्हणाले, आणि मग त्यांना पुढचं सुचेना. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं गेली. शेवटी त्यांनी सरळच सांगितलं. "बाई, त्या दिवशी मी फाईल बदलली होती. पण पडद्याने ती परत वाचलीच नाही. सकाळी वाचलेली जुनीच त्याच्या डोक्यात होती. मी विचारलं तेव्हा त्याने जुना आकडा दिला. मी तोच पुकारला."

"कुठला?"

"चार किलो."

बाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण त्या काय म्हणाल्या ते मास्तरांना कळलं.

"मग दुसऱ्या दिवशी तुम्ही दाखवलंत ते?"

"संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून गेलो होतो. सकाळी त्याने नव्याने वाचलं. तेव्हा खरा आकडा आला. तीन दोनशे."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलत नव्हतात."

"नाही. पण चुकीचं बोलत होतो."

"आणि मी?"

"तुम्ही बरोबर होता. तोललंत तेही बरोबर. विचारलंत तेही बरोबर. मीच..."

मुलगी बाळाला घेऊन दारातच उभी राहिली होती. बाळ कुरकुरलं, तिने त्याला थोपटलं.

बाईंनी मांडीवरचे हात उलटे करून पाहिले. बोलायला लागल्या तेव्हा अगदी साध्या आवाजात, कोठीतलं काहीतरी सांगावं तशा. "साहेबांचं मला काही वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्या चष्म्याचा विषय काढला, तर मीही त्यांच्या चष्म्याचा काढला असता. पण तुम्ही म्हणालात, फाईल खोटं बोलत नाही. मग मी घरी येऊन आठवायला बसले. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मला आठवलं. तुम्ही खिडकीतून पुकारलंत, तीन किलो दोनशे. मला ऐकू आलं, मास्तर. तुमच्याच आवाजात. अजून येतं."

"तसं झालंच नव्हतं, बाई."

"तुम्ही आज सांगताय. मला सात महिने तेच आठवतंय. आता चार आठवायचं म्हटलं तर येत नाही."

"मी साहेबांना लेखी दिलंय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, लॉट विकला गेला."

बाईंनी मान हलवली, जणू साहेबांचं यात काही चुकलं नव्हतं.

"तुमचं मन हलकं झालं का?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारलं.

"नाही."

"नाही ना."

"बाई, रागवा. शिव्या घाला मला. भांडा. तेव्हा भांडत होता तशा भांडा ना. मी तुम्हाला परत कोठीत घ्यायला लावतो, मॅडमशी बोललोय, ती म्हणते तिला शिकवायला कुणी हवंच आहे. याल का? नुसतं बघायला तरी याल?"

बाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, हळू. पदर सारखा केला. मास्तरांना वाटलं, पाणी आणायला निघाल्या. पण त्या मुलीच्या बाजूने, बाळाच्या पायाला जाता जाता बोट लावून, दाराकडे गेल्या आणि पायात चपला सरकवल्या.

"आई, कुठे निघालीस? ऊन आहे बाहेर. थांब, मी येते."

"बाई," मास्तर म्हणाले, "काहीतरी बोला."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मास्तरांना आणि त्यांच्या बोलावण्याला मागे ठेवून, कठड्याला हात लावून त्या जिना उतरायला लागल्या, आणि दार तसंच उघडं राहिलं.